आइस्क्रीममधलं न लिहिलेलं मीठ

आइस्क्रीम करायचं आहे? मग ही घ्या कृती. साधारण पावणेदोन लिटर घट्ट मलई आणा. जायपत्रीचा एक तुकडा टाकून ती उकळा. जायपत्री नको असेल तर संत्र्याच्या फुलांचं सुगंधी पाणी घाला, नाहीतर अंबर घाला. गोडीला साखर. मग सगळं अगदी गार होऊ द्या आणि चांदीच्या किंवा पत्र्याच्या डब्यांत भरा. मोठ्या टबात बर्फ फोडून घ्या, डबे त्यात चहूबाजूंनी पुरून ठेवा आणि दोन तास त्यांना हात लावू नका. नंतर डबे तबकात उपडे करा, त्यावर थोडी तशीच सुगंधी मलई ओता आणि पाहुण्यांना वाढा!

ही कृती लंडनच्या वेलकम कलेक्शन या संग्रहातल्या एका हस्तलिखित वहीत आहे. वही लेडी अ‍ॅन फॅनशॉ नावाच्या बाईंची. कृती १६६५ ते १६६८ च्या दरम्यान कधीतरी लिहिलेली. इंग्रजीत लिहिलेल्या आइस्क्रीमच्या ज्या कृती आजवर सापडल्या, त्यांतली ही सगळ्यात जुनी.

आता ती पुन्हा एकदा वाचा. काहीतरी राहून गेलंय. ओळखा पाहू!

तुम्ही विचार करताय तोवर ‘अंबर’ म्हणजे काय ते सांगून टाकते. स्पर्म व्हेल नावाच्या प्रचंड देवमाशाच्या आतड्यात एक मेणासारखा गोळा तयार होतो. तो समुद्रात पडतो, लाटांवर तरंगत राहतो आणि ऊन-खारं पाणी खाऊन खाऊन सुगंधी होतो. कोकणच्या किनाऱ्यावर कुणाकडे असा गोळा पकडला गेला, की वर्तमानपत्रं ‘व्हेलची उलटी’ म्हणून बातमी छापतात. तोच हा पदार्थ. आज भारतात त्याच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. त्या काळी मात्र इंग्लंडमधले श्रीमंत लोक तो चक्क जेवणात घालत. देवमाशाच्या पोटातला वास असलेलं आइस्क्रीम!

सापडलं का राहिलेलं? मीठ!

कुल्फीवाल्याच्या मडक्यात कधी डोकावून पाहिलंय? कुल्फीच्या साच्यांभोवती नुसता बर्फ नसतो, त्यात जाडं मीठ असतं. का बरं? नुसता बर्फ वितळत असतो तेव्हा त्याचं तापमान शून्य अंश सेल्सिअसवर थांबलेलं असतं. साध्या पाण्याचा बर्फ व्हायला शून्य अंश पुरतात. पण साखर घातलेली मलई शून्याला गोठत नाही. साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना नीट रांगेत बसू देत नाहीत, म्हणून ती गोठायला शून्याच्या खाली जावं लागतं. तिथे मीठ मदतीला येतं. मीठ पडलं की बर्फ शून्याच्या खालीसुद्धा वितळायला लागतो. वितळायला उष्णता लागते, आणि ती तो आजूबाजूने ओढून घेतो, म्हणजे डब्यातल्या मलईतूनच. बर्फ आणि मीठ यांचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत थंड होऊ शकतं. मग मलईची काय बिशाद न गोठण्याची!

तर अ‍ॅनबाईंच्या कृतीप्रमाणे अगदी तंतोतंत वागलात, तर दोन तासांनी हाती येईल छान गार, सुगंधी, पातळ मलई. आइस्क्रीम नाही.

मग अ‍ॅनबाईंना मीठ माहीतच नव्हतं का? मला वाटतं, हातांना माहीत असलेली गोष्ट लेखणीने लिहिली नाही. स्वयंपाक करणारी माणसं असं नेहमीच करतात. ज्या गोष्टी ‘सगळ्यांना ठाऊकच असतात’ त्या कागदावर येत नाहीत. पुढे १७१८ मध्ये मेरी ईल्स या बाईंनी मिठाईच्या कृतींचं पुस्तक छापलं. त्यात मीठ अगदी स्पष्ट आहे: आठ-नऊ किलो बर्फाला सुमारे अर्धा किलो मीठ. इंग्रजीत आइस्क्रीमची कृती छापून आली ती पहिल्यांदा याच पुस्तकात. आणि ज्या काळात अ‍ॅनबाईंची वही भरत होती, त्याच काळात, १६६५ मध्ये, रॉबर्ट बॉईल नावाच्या शास्त्रज्ञाने थंडी या विषयावर एक जाडजूड पुस्तक काढलं. मीठ आणि बर्फ एकत्र केल्यावर काय होतं, याचे प्रयोग त्यात आहेत. या बॉईलसाहेबांना जरा लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहेत, त्यांच्या ताईसकट.

आधी अ‍ॅनबाईंची गोष्ट ऐका, कारण ती फार भारी आहे.

अ‍ॅनचा जन्म १६२५ चा. तरुणपणी इंग्लंडमध्ये राजाची बाजू आणि पार्लमेंटची बाजू यांच्यात युद्ध पेटलं. अ‍ॅनचे नवरे रिचर्ड राजाच्या बाजूचे. एकदा दोघं जहाजाने स्पेनला निघाली होती. समोरून शत्रूचं तुर्की गलबत आलं. कप्तानाने अ‍ॅनला खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली. तिने दार ठोठावून ठोठावून जहाजावरच्या पोऱ्याला बोलावलं, त्याला पैसे दिले, त्याची निळी टोपी आणि डांबर लावलेला कोट मागून घेतला, तो चढवला आणि डेकवर जाऊन नवऱ्याशेजारी उभी राहिली! गलबत लढाई न करताच निघून गेलं, पण शेजारी उभा असलेला पोऱ्या आपली बायको आहे हे कळल्यावर रिचर्डना काय वाटलं असेल! पुढे १६५१ मध्ये लढाईत हरून रिचर्ड कैदेत पडले. तेव्हा अ‍ॅन पहाटे चार वाजता, झाकलेला कंदील हातात घेऊन, लंडनच्या रस्त्यांवरून एकटी चालत जायची आणि तुरुंगाच्या खिडकीखाली उभी राहून त्यांच्याशी बोलायची. पावसात चिंब भिजत. हे सगळं तिने पन्नाशीत, १६७६ मध्ये, आपल्या मुलासाठी लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं.

आणि हिशेब करा: ज्या वर्षी ही धावपळ चालू होती, त्याच १६५१ च्या ११ डिसेंबरला ही पाककृतींची वही सुरू झाली. जोसेफ एव्हरी नावाच्या लेखनिकाने सुवाच्य अक्षरात पहिल्या कृती उतरवून दिल्या. त्यातल्या कितीतरी अ‍ॅनच्या आईच्या, मार्गारेट हॅरिसन यांच्या. आईची विद्या मुलीच्या वहीत आली.

मग दिवस पालटले. नवा राजा, दुसरा चार्ल्स, गादीवर आला. त्याचं लग्न पोर्तुगालच्या कॅथरिन राजकन्येशी ठरलं, आणि त्या लग्नाच्या कामासाठी त्याने रिचर्ड फॅनशॉ यांना लिस्बनला पाठवलं. या लग्नाशी आपलाही संबंध आहे बरं का. राजकन्येबरोबर पोर्तुगीजांनी इंग्रजांना जे आंदण दिलं, त्यात आपलं मुंबई बेट होतं!

नंतर रिचर्ड स्पेनमध्ये राजदूत झाले, अ‍ॅन माद्रिदला राहू लागली, आणि वहीही तिच्याबरोबर गेली. माद्रिदला लोक चॉकलेट प्यायचे. हो, प्यायचे, वडीचं चॉकलेट अजून यायचं होतं. वहीत चॉकलेट करायच्या भांड्याचं छोटंसं चित्र आहे, त्याच्यावर ठिकाण आणि तारीख आहे: माद्रिद, १० ऑगस्ट १६६५. त्याच वहीत चॉकलेटची कृतीसुद्धा होती. पण ती कुणीतरी गिचमिड रेघा मारून अशी खोडून टाकलीय की वाचता येऊ नये! फसली असेल का? आणखी चांगली सापडली असेल? तुम्हाला काय वाटतं?

मला या वह्यांमधल्या अशा खोडाखोडीच सगळ्यात जास्त आवडतात. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या शेकडो घरांत अशा वह्या होत्या. वेलकम संग्रहात आहेत, अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालयात आहेत, आणखीही खूप ठिकाणी आहेत. कित्येक वह्या दोन्ही टोकांकडून लिहिलेल्या. इकडून उघडा, तर लोणची, मुरांबे, केक. वही उलटी करून तिकडून उघडा, तर खोकला, ताप, भाजलेलं, कापलेलं यांवरची औषधं. कोऱ्या राहिलेल्या जागेत घरातल्या मुलांनी अक्षर गिरवलेलं. कुठे मधेच हिशेब.

आणि समास तर पाहतच राहावेत असे. एखाद्या औषधापुढे लिहिलेलं असतं ‘प्रोबाटुम एस्ट’. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘करून पाहिलं, खरं ठरलं’. कुठे नुसती फुली. कुठे साखरेचं माप खोडून वर नवीन माप. आणि बऱ्याच ठिकाणी कृती कुणाकडून मिळाली त्याचं नाव: आईकडून, मावशीकडून, शेजारच्या बाईसाहेबांकडून, अमुक डॉक्टरांकडून. का लिहायचं नाव? कारण उद्या कृती फसली तर विचारायचं कुणाला, आणि विश्वास ठेवायचा कुणावर, हे ठरवावं लागतं. कुणी सांगितलं ते नोंदवायचं, स्वतः करून बघायचं, जमलं तर खूण करायची, चुकलं तर बदलायचं. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ वही ठेवतात ती अशीच की!

घड्याळ मात्र सगळ्यांकडे नव्हतं. मग ‘किती वेळ ढवळायचं’ ते कसं सांगणार? एखादी प्रार्थना दोनदा म्हणून होईल इतका वेळ! लोणी अक्रोडाएवढं. चूर्ण नाण्यावर मावेल एवढं.

शाईसुद्धा घरीच करायची, आणि तिची कृतीही याच वह्यांमध्ये असायची. सामान ओळखीचं आहे. मायफळ, हिराकस, डिंक. मायफळ म्हणजे तेच, बाळगुटीतलं. ते खरं तर फळ नसतंच. ओक झाडाच्या कोवळ्या फांदीत एक बारीकशी गांधीलमाशी अंडं घालते. त्याभोवती झाड गाठ तयार करतं, ती गाठ म्हणजे मायफळ. त्यात टॅनिन असतं, चहाला तुरटपणा देणारं. हिराकसात असतं लोह. दोन्ही पाण्यात एकत्र आली आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला, की काळंभोर द्रव्य तयार होतं. डिंकामुळे शाई दाट होते, कागदावर पसरत नाही. गंमत म्हणजे लिहिताना ही शाई फिकी दिसते आणि वाळता वाळता काळी होत जाते. शेकडो वर्षांनी ती तपकिरी होते, आणि कधीकधी कागदच खाऊन टाकते. काही जुन्या पानांवर अक्षरांच्या जागी चक्क भोकं पडली आहेत.

म्हणजे हंसाच्या किंवा बदकाच्या पिसाच्या लेखणीने कृती लिहायला बसण्याआधी या बायकांनी एक रासायनिक क्रिया पार पाडलेली असायची!

आता आपल्या देशातून निघालेली एक गोष्ट. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांबरोबर बरण्यांमधून आंब्याचं लोणचं इंग्लंडला पोचलं. लोकांना भयंकर आवडलं. पण बरणी संपली की पुढे काय? इंग्लंडच्या थंडीत आंबा येणार कुठून? मग त्यांनी मोठ्यातली मोठी, कैरीएवढी काकडी घेतली. वरून चीर पाडून बिया काढल्या. आत लसणाची पाकळी खोचली. लवंग, मिरी, जायपत्री घालून व्हिनेगर उकळलं आणि मीठ घालून गरम गरम काकड्यांवर ओतलं. आंबा नसलेलं आंब्याचं लोणचं! जॉन एव्हलिन यांच्या १६९९ च्या पुस्तकात अशी कृती छापलेली आहे, आणि घरोघरच्या वह्यांमध्येही काकड्या, खरबुजं, पुढे तर पीच वापरून केलेलं हे नकली लोणचं सापडतं. आपल्या लोणच्यातलं तेल, मेथी, हिंग कुठे दिसत नाही. पण नसलेल्या फळाची चव दुसऱ्या फळातून काढायची, ही धडपड मला फार आवडते.

औषधांच्या बाजूला मात्र जरा दबकतच जावं. खोकल्याने, क्षयाने खंगलेल्या माणसासाठी ‘गोगलगाईंचं पाणी’ सांगितलेलं असतं. गोगलगाई स्वच्छ करायच्या, त्यात गांडुळं, दूध, औषधी पाला घालायचा आणि सगळ्याचा अर्क काढायचा. ई! पण थांबा. त्या काळातले मोठाले डॉक्टरसुद्धा अशीच औषधं देत होते. क्षयाचे जंतू सापडले ते १८८२ मध्ये. ज्या आजारावर कुणाकडेच उपाय नव्हता, त्यावर या बायका जे कानावर येईल ते तपासून पाहत होत्या. अ‍ॅनबाईंना चौदा मुलं झाली, त्यातली बहुतेक लहानपणीच वारली. त्या पानांवरच्या फुल्या आणि खुणा पाहताना मला हे विसरता येत नाही.

अर्क काढायचा म्हणजे ऊर्ध्वपातन. मोठ्या घरांमध्ये त्यासाठी वेगळी खोलीच असे. भट्टी, काचेची आणि तांब्याची भांडी, वाफ थंड करायच्या नळ्या. गुलाबपाणी, सरबतं, मलमं तिथे तयार होत. आणि त्या खोलीची मालकीण घरातली बाई.

याच काळात, १६६० मध्ये, लंडनला रॉयल सोसायटी स्थापन झाली. प्रयोग करणाऱ्यांची, ते एकमेकांना दाखवणाऱ्यांची ही मंडळी. पण सगळे पुरुष. १६६७ मध्ये मार्गारेट कॅव्हेंडिश या लेखिकेला तिथले प्रयोग बघायला यायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यावर केवढी चर्चा झाली! ती आली, पाहिलं आणि गेली. सोसायटीने स्त्रियांना सभासद म्हणून निवडलं ते थेट १९४५ मध्ये: कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये, केंब्रिजने १९४८ मध्ये. जिथे विज्ञान होतं असं सगळे म्हणत, त्या दारातून आत जायची बायकांना मुभा नव्हती. ते चूकच होतं, आणि त्यात किती हुशार डोकी वाया गेली असतील, या विचाराने मला राग येतो. पण डोकी गप्प बसली नव्हती. ती या वह्यांमध्ये आहेत.

आता आपले बॉईलसाहेब आणि त्यांची ताई. ताईचं नाव कॅथरिन जोन्स, लोक त्यांना लेडी रॅनेला म्हणत. रॉबर्टपेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. त्या औषधं बनवत, लोक त्यांच्याकडे उपचारांसाठी येत, मोठमोठे विद्वान त्यांचा सल्ला घेत. त्यांच्या नावाचे कृतिसंग्रह आजही आहेत. १६६८ पासून रॉबर्ट लंडनला ताईच्या घरीच राहायला आले, ते शेवटपर्यंत. त्यांची प्रयोगशाळा ताईच्याच घरात! तेवीस वर्षं भावंडं एका छपराखाली राहिली. डिसेंबर १६९१ मध्ये ताई गेल्या, आणि जेमतेम आठवड्याने रॉबर्टही गेले. भावाचं नाव शाळेच्या पुस्तकात ‘बॉईलचा नियम’ म्हणून आहे. ताईंनी आपल्या नावाने काहीच छापलं नाही.

घरगुती वह्यांमध्ये हमखास सापडणारी एक गोष्ट म्हणजे व्हायोलेटच्या फुलांचं सरबत. जांभळ्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवायच्या, गाळून साखर घालायची. लहान मुलांना खोकल्यावर, तापावर द्यायचं. रॉबर्ट बॉईलनी १६६४ मध्ये रंगांवरचं पुस्तक छापलं. त्यात त्यांनी हेच सरबत घेतलं, त्याचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला आणि त्यावर व्हिनेगरसारखा आंबट अर्क सोडला. थेंब लाल झाला! दुसऱ्या थेंबावर राखेतून काढलेला क्षार सोडला. तो हिरवा झाला! आम्ल की आम्लारी हे रंगावरून ओळखायची रसायनशास्त्रातली पद्धत अशी घरातल्या सरबतातून पुढे आली. पाकळ्या कशा खुडायच्या, रंग न उडवता त्या किती वेळ भिजवायच्या, हे शोधून काढणाऱ्या बायकांची नावं त्या पुस्तकात नाहीत. पण सरबत चांगलं नसतं, तर थेंबाने रंग बदलून दाखवला नसता.

व्हायोलेट आपल्याकडे सहज मिळत नाही, पण लाल जास्वंद मिळते. व्हायोलेट आणि जास्वंद या दोन्हींच्या पाकळ्यांत अँथोसायनिन जातीची रंगद्रव्यं असतात. चार-पाच जास्वंदी घ्या. मोठ्या माणसाकडून गरम पाणी मागून घ्या, पाकळ्या त्यात दहा मिनिटं भिजवा आणि गाळा. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या त्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. मग एका पट्टीवर लिंबाचा थेंब टाका, एकीवर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा. एक पट्टी गुलाबी-लाल व्हायला हवी, दुसरी हिरवट. त्यानंतर ताक, चिंचेचं पाणी, साबणाचं पाणी, चुन्याची निवळी असं एकेक आणून बघा. चुन्याच्या निवळीला हात लावू नका, ती ड्रॉपरनेच टाका. किती पाकळ्या, किती पाणी, किती वेळ ते लिहून ठेवा. एखादी पट्टी फसली, तर तिच्यापुढे फुली मारा, पण ती फाडू मात्र नका.